सुपरहिरो आणि काळोखी हेरकथा एकत्र असलेलं, मोठ्यांनी वाचावं असं कॉमिक कुठलं?

तुम्ही लिहिलंय की लहानपणी सुपरहिरो भरपूर वाचले, आता ते पोरकट वाटतात, हेरकथा मात्र अजून आवडतात, तर दोन्ही एकत्र करून कुणी सिरियसली काही लिहिलंय का. लिहिलंय ना. एकच नाव सांगायचं तर 'स्लीपर'. लेखक एड ब्रुबेकर, चित्रं शॉन फिलिप्सची, २००३ ते २००५ मध्ये आलं, बारा-बारा अंकांचे दोन सीझन, २४ अंकांत विषय संपला. हे आकडे आधीच सांगतोय कारण सुपरहिरो कॉमिक्सचं खरं दुखणं तेच असतं, कुठून सुरू करायचं कळत नाही आणि संपता संपत नाही. मी स्वतः इंद्रजालचा वेताळ मराठीत वाचून वाढलोय, मधे वीसेक वर्षं कॉमिकला हात लावला नव्हता, ह्यानं परत ओढलं.

स्टोरी थोडक्यात, शेवट फोडत नाही. होल्डन कार्व्हर हा सरकारी गुप्तहेर. एका मोहिमेत परग्रहावरची एक वस्तू त्याच्या अंगात शिरून थेट मज्जातंतूंना चिकटते, सोबतचे मरतात, हा वाचतो पण पूर्वीसारखा राहत नाही. त्याला वेदना होतच नाहीत. गोळी लागू दे, हाड मोडू दे, काही नाही. पण ती वेदना कुठं जात नाही, आत साठून राहते आणि समोरच्याला नुसता हात लावला की त्याच्या अंगात सोडता येते. मग त्याचा साहेब जॉन लिंच एक डाव टाकतो. कार्व्हर फितूर झाला असा देखावा उभा करायचा आणि त्याला टाओ नावाच्या माणसाच्या टोळीत घुसवायचं. हा मुळात आपलाच माणूस आहे हे अख्ख्या जगात एकट्या लिंचला माहीत. ना फाइल, ना दुसरा साक्षीदार.

आणि लिंच कोमात गेलाय.

इथून कथा सुरू होते. आता कार्व्हरला बाहेर काढणारं कोणी नाही, आपली माणसं दिसताक्षणी गोळी घालणार, आणि टोळीत टिकायचं म्हणजे टोळीची कामं करायची, त्यात माणसं मारणंही आलं. पहिल्या पुस्तकाचं नाव 'आउट इन द कोल्ड', हेरकथांमध्ये शत्रूच्या मुलखात एकटं, बिनआधाराचं राहण्याला 'थंडीत असणं' म्हणतात, त्यावरून. गंमत बघा, हाँगकाँगचा 'इन्फर्नल अफेअर्स' आठवतोय का, ज्यावरून पुढं 'द डिपार्टेड' झाला? त्यातला पोलीसही असाच, त्याची खरी ओळख फक्त वरिष्ठाला ठाऊक. तो पिक्चर डिसेंबर २००२ चा आणि स्लीपर २००३ च्या सुरुवातीचं, म्हणजे कुणी कुणाची कॉपी मारली म्हणायला जागाच नाही, दोघांना एकाच वेळी सुचलं असणार.

पण मला हे कॉमिक आवडतं ते वेगळ्याच कारणासाठी. बाकी ठिकाणी शक्ती म्हणजे बक्षीस असतं, मिळाली की उडा. इथं शक्ती म्हणजे हेरगिरीनं माणसाचं जे होतं तेच, फक्त अंगावर दिसणारं. वर्षानुवर्षं खोटं जगणाऱ्या माणसाला हळूहळू काही वाटेनासं होतं, ना स्वतःचं ना दुसऱ्याचं, आणि आतलं साठलेलं तो जवळच्यांवर काढतो. कार्व्हरची शक्ती दुसरं काय आहे? मिस मिझरी म्हणून एक बाई आहे टोळीत, ती वाईट वागली की ठणठणीत आणि चांगलं वागायला गेली की आजारी पडते, अक्षरशः खंगते. आणि कार्व्हरचं तिच्याशीच जुळतं. आता हे प्रेम खरं निघालं तर तिच्या तब्येतीचं काय, हा विचार करत बसा तुम्ही.

टाओ तर सगळ्यात भारी. मुळात हे पात्र कॉमिक-लेखक ॲलन मूरनं ९० च्या दशकात 'वाइल्डकॅट्स' ह्या सुपरहिरो कॉमिकमध्ये आणलेलं, प्रयोगशाळेत बनवलेला माणूस, ना उडतो ना डोळ्यांतून किरण सोडतो. तो फक्त बोलतो. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते हेरतो आणि दोन वाक्यांत त्याला पाहिजे तिकडं वळवतो. अशा माणसासमोर बसून रोज खोटं बोलायचं ही कार्व्हरची नोकरी, त्यामुळं दोन माणसं नुसती खोलीत बसून बोलतायत अशा पानांवर जितका ताण येतो तितका मारामारीच्या पानांवर येत नाही. मी तरी असल्या पानांवर प्रत्येक वाक्य दोनदा वाचायचो, की ह्याला कळलंय का? कळूनही गप्प बसलाय का?

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ह्या टोळीतल्या लोकांचा एक खेळ आहे, आपापली जन्मकथा सांगायची, म्हणजे ही शक्ती कशी आली ते. अट एकच, 'मी' म्हणायचं नाही, तिसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं सांगायचं, की एक मुलगा होता, त्याचं असं असं झालं. सुपरहिरो कॉमिकमध्ये ह्या जन्मकथा किती पवित्र असतात माहितीय ना तुम्हाला, आईबाप मेले, शपथ घेतली वगैरे. इथं भाडोत्री खुनी तीच गोष्ट टाइमपास म्हणून सांगतायत, वाचताना हसू येतं आणि मग मधेच लक्षात येतं की स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलायची ह्यांना एवढीच वाट उरलीय. चेष्टा केल्यासारखं करून लेखकानं घाव घातलाय.

ब्रुबेकरकडं हे घरातूनच आलं असावं असं मला वाटतं. वडील अमेरिकन नौदलाच्या गुप्तचर खात्यात, काका जॉन पॅक्स्टन हॉलिवूडचे पटकथाकार, १९४४ चा 'मर्डर, माय स्वीट' आणि १९४७ चा 'क्रॉसफायर' त्यांनी लिहिलेले, दोन्ही अस्सल नॉयर, म्हणजे काळोखे गुन्हेपट. नॉयर म्हणजे नुसता पाऊस, टोपी आणि सिगरेट नव्हे हे ह्या घरातल्या पोराला कुणी शिकवायची गरज नव्हती. माणूस चुकीचं पाऊल टाकतो, तेव्हा त्याला ते कळतही असतं, आणि तरी टाकतो, ते नॉयर.

चित्रांबद्दल एक प्रॅक्टिकल सल्ला. मी पहिल्यांदा हे फोनवर वाचलं, एकेक चौकट मोठी होऊन दिसते ना त्या मोडमध्ये, आणि निम्मी मजा घालवली. फिलिप्स इथं पानभर एक मोठं चित्र काढतो आणि त्याच्यावर छोट्या छोट्या चौकटी पसरतो, एकमेकींवर चढलेल्या, पत्त्यांसारख्या. मागच्या चित्रात एखादा चेहरा किंवा खोली दिवसभर तुमच्याकडं बघत असल्यासारखी. चौकट सुटी केली की ते मागचं गायबच. शिवाय रंग इतके गडद की उन्हात काही दिसत नाही. छापील मिळालं तर उत्तम, नाहीतर टॅबवर अख्खं पान उघडून वाचा.

तक्रारी पण आहेत. हे सगळं वाइल्डस्टॉर्म ह्या, बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीच्या तेव्हाच्या शाखेच्या विश्वात घडतं, त्यामुळं मधेच असा कुणीतरी येतो की ज्याला वाचकानं ओळखावं अशी अपेक्षा असते आणि आपण ढिम्म. सोडून द्यायचं, काही अडत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये मधे थोडा वेळ गाडी एकाच चौकात घिरट्या घालते असं माझं मत. शेवट मात्र पक्का. आणि लिंच कोमात कसा गेला ते 'पॉइंट ब्लँक' नावाच्या पाच अंकांत आहे, चित्रं कॉलिन विल्सनची. आधी वाचलं तरी चालतं, मी नंतर वाचलं आणि मला ते जास्त बरं वाटलं, कारण उत्तर माहीत नसताना कार्व्हर जितका चाचपडतो तितकेच आपणही चाचपडतो.

बाकी लोक तुम्हाला 'वॉचमेन' सांगतीलच. वाचा, थोरच आहे, सरकारसाठी घाणेरडी कामं करणारा 'कॉमेडियन' नावाचा सुपरहिरो त्यात आहेच, पण ती हेरकथा नाही. स्लीपर आवडलं तर पुढं ह्याच दोघांचं 'इन्कॉग्निटो' घ्या, २००८ पासूनचं, त्यात उलटा मामला, एक सुपरव्हिलन साक्षीदार-संरक्षणाखाली एका ऑफिसात फायली लावत बसलाय, शक्ती औषधं देऊन दाबून ठेवलीय, आणि तो कंटाळून मरायला टेकलाय. पुढच्या भागात त्यालाच टोळीत घुसवतात. स्लीपरपेक्षा हलकं आणि जास्त भडक, दोन रात्रींत संपतं.

आणि वाचून झाल्यावर लक्षात आलं की आपल्याला शक्तीबिक्ती नकोच होत्या, हेरच पाहिजे होते, तर ब्रुबेकरचंच 'व्हेल्व्हेट' आहे, चित्रकार स्टीव्ह एप्टिंग, २०१३ ते २०१६, पंधरा अंक. काळ १९७३ चा. हेरांच्या साहेबाच्या केबिनबाहेर बसणारी सेक्रेटरी असते ना प्रत्येक पिक्चरमध्ये, हिरो जाता येता जिच्याशी फ्लर्ट करतो आणि पुढं निघून जातो, ती बाई इथं नायिका, आणि ती पूर्वी काय होती हे ऑफिसात फारसं कुणाला माहीत नाही.

हो, हे सगळं खरोखर मोठ्यांसाठीच आहे हां, रक्त, सेक्स, शिव्या सगळं आहे. माझ्या भाच्यानं कव्हर बघून उचललं होतं, तिसऱ्या पानाच्या आत मी ते काढून घेतलं आणि माळ्यावर टाकलं, तर आता तो रोज माळ्याकडं बघतो.