वाफेच्या लाइनीला व्हिटॉन का टिकलं नाही? मग कोणतं रबर घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे: लाँड्रीतल्या छोट्या बॉयलरकडून इस्त्रीकडे जाणाऱ्या वाफेच्या लाइनीत दुकानदाराने ‘सगळ्यात भारी’ म्हणून व्हिटॉनची ओरिंग (जोड गळू नये म्हणून बसवायची गोल रबरी कडी) दिली, ती दोन महिन्यांत फुगून तडकली. गच्चीवरच्या पाण्याच्या पंपाच्या जोडावरचं काळं रबरही उन्हात चिरलं. दोन्हीकडे चालेल असं एकच रबर आहे का?

आहे, ईपीडीएम. मी बरीच वर्षं इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये मेंटेनन्स बघितला. तिथे दिवसरात्र वाफ आणि गरम पाणी असायचं, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो.

आधी व्हिटॉनचं बघू. आपल्याकडे एफकेएम जातीच्या सगळ्याच रबराला सरसकट व्हिटॉन म्हणतात. त्याच्या माहितीपत्रकावर २०० अंश लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही, पण ते कोरड्या हवेतलं किंवा तेलातलं तापमान आहे. वाफ म्हणजे नुसती उष्णता नाही, ते तापलेलं पाणी आहे, आणि ते रबराच्या आत शिरतं. साध्या एफकेएममध्ये पक्वतेसाठी (म्हणजे क्युअरिंगसाठी, ज्याने कच्चं रबर मजबूत होतं) मॅग्नेशियम ऑक्साइडसारखी धातूंची संयुगं घातलेली असतात. गरम पाणी त्यांच्यावर काम करतं, रबर पाणी पितं, फुगतं आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या सुटत जातात. म्हणजे तुमची ओरिंग कमअस्सल होती असं नाही, जागा चुकली. पेरॉक्साइडने पक्व केलेलं एफकेएम वाफेत बरं टिकतं, पण तेवढे पैसे घालायची तुम्हाला गरज नाही.

सिलिकॉनबद्दलही हाच गैरसमज आहे. ओव्हनच्या दाराला ते उत्तम, कारण तिथे उष्णता कोरडी. दाबाखालच्या वाफेत सिलिकॉनचं हळूहळू विघटन होतं, आणि मुळात ते फाटायलाही सोपं.

आता वाफेचं तापमान. हा हिशेब दुकानात कुणी करत नाही, तो तुम्ही करा. गेजवर ३.५ किलो दाब असेल तर संपृक्त वाफ (उकळत्या पाण्यावरची, वेगळी न तापवलेली) सुमारे १४८ अंशांची असते. ७ किलोला ती १७० अंशांवर जाते. ईपीडीएम साधारण १५० अंशांपर्यंत वाफेत चालतं, तेही पेरॉक्साइड क्युअर असेल तरच. गंधकाने पक्व केलेलं स्वस्तातलं ईपीडीएम त्याआधीच कडक होऊन चपटं बसतं. म्हणून दुकानात नुसतं ‘ईपीडीएम द्या’ म्हणू नका, ‘पेरॉक्साइड क्युअर, ७० शोअर’ असं सांगा (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप). दाब ३.५ किलोच्या पुढे असेल तर रबराचा नादच सोडा आणि टेफ्लॉन किंवा ग्राफाइटचं गॅस्केट घ्या. बॉयलरच्या स्वतःच्या झाकणाचं आणि मॅनहोलचं गॅस्केट मात्र उत्पादकाने सांगितलेलंच लावा, तिथे पर्याय शोधू नका. आणि कोणताही जोड सोडायच्या आधी लाइन बंद करून दाब शून्यावर आला का ते बघा, कृपया.

गच्चीवरचं रबर चिरलं ते बहुधा नायट्राइल किंवा साधं रबर असणार. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो, म्हणून भेगा ताणाला आडव्या पडतात. तुमच्या तुकड्यावर बोट फिरवा, तशाच दिसतील. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत हे दुहेरी बंधच नसतात. गाडीच्या दाराभोवतीचं काळं बीडिंग वर्षानुवर्षं उन्हापावसात टिकतं, ते बहुतेक ईपीडीएमच असतं.

ईपीडीएमचा एक मोठा शत्रू म्हणजे खनिज तेल. एकदा गरम पाण्याच्या व्हाल्व्हमध्ये ईपीडीएमच्या ओरिंगा बसवताना मी सरकाव्यात म्हणून साधं, खनिज तेलाचं ग्रीस लावलं. आठवड्याभरात त्या खाचेतून फुगून बाहेर आल्या आणि व्हाल्व्हचा दांडा जाम झाला. ओरिंगा चांगल्या होत्या, चूक माझ्या हातून झाली. तेव्हापासून ईपीडीएमला मी सिलिकॉन ग्रीसच वापरलं, तुम्हीही तेच वापरा. पंप डिझेल इंजिनवर असेल तर इंधनाच्या बाजूला नायट्राइल किंवा व्हिटॉन हवं. तिथे ईपीडीएम अजिबात नको.

शेवटची अडचण अशी की सगळी काळी रबरं दिसायला सारखीच. विश्वास नसेल तर एक जादा ओरिंग आणा आणि एक दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवा. खरं ईपीडीएम चांगलंच फुगतं आणि मऊ पडतं, नायट्राइल आणि व्हिटॉन फारसे बदलत नाहीत. व्हिटॉन हातात घेतल्यावर त्याच मापाच्या बाकी रबरांपेक्षा जड लागतं. तपासलेली ओरिंग फेकून द्या, ती लाइनीत लावू नका.

तुमच्या गेजवरचा दाब इथे लिहिलात तर रबर पुरेल की टेफ्लॉनच घ्यावं लागेल, ते सांगता येईल.