जिओकॅशिंग करताना तुम्हाला अनपेक्षितपणे कुठले प्राणी भेटले आहेत?

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा अस्वल असणार, तेव्हा ते आधी उरकून टाकते. अकरा वर्षांत अस्वल एकदाच दिसलं, तेही पाठमोरं. सिअ‍ॅटलजवळच्या टायगर माउंटनवर हकलबेरीच्या झुडपांत काहीतरी काळं हललं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि ते आमच्यापेक्षा जास्त घाबरून उतारावरून धडपडत खाली पळालं. संपली गोष्ट. माझी खरी फजिती केली ती तळहातावर मावणाऱ्या, नाहीतर फार तर कोंबडीएवढ्या जीवांनी.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर जाहीर करतं. बाकीच्यांनी फोन किंवा जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवून द्यायचा. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. लगेच ३ मेला ऑरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली, तिथून हे सगळं सुरू झालं. त्या बादलीत इतर वस्तूंबरोबर चक्क बीन्सचा एक डबा होता. आजच्या नियमांनुसार जागामालकाच्या परवानगीशिवाय डबा पुरायचा नाही आणि आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही, म्हणजे मूळपुरुषाचा डबा आज मंजूरच झाला नसता! खाण्याबद्दलचा नियम मात्र अगदी रास्त आहे. आमच्या भागातल्या रॅकूनला, म्हणजे मांजराहून थोड्या मोठ्या, चपळ पंजांच्या प्राण्याला, प्लॅस्टिकच्या डब्याच्या कड्या म्हणजे पोरखेळ. कुणीतरी आत वासाची मेणबत्ती ठेवलेला एक डबा मी पाहिला आहे. झाकणावर दातांची नक्षी, वही चिंध्या-चिंध्या, आणि मेणबत्ती थोडी चाखून टाकून दिलेली.

आता प्राणी का भेटतात ते सांगते, कारण हा निव्वळ योगायोग नाही. जीपीएस तुम्हाला डब्यापाशी नेत नाही, डब्याच्या आसपास नेतं. मोकळ्या आभाळाखाली चार-पाच मीटरची चूक असते, आणि डग्लस फरच्या गच्च झाडीत ती दहा-पंधरा मीटरवरही जाते. तिथून पुढे फोन खिशात घालून एकच विचार करायचा: मी असते तर कुठे लपवला असता? कोरडी जागा हवी, अंधारी हवी, वरून दिसायला नको, पाऊस लागायला नको. म्हणजे ओंडक्याखालची पोकळी, झाडाची ढोली, दगडाची कपार. हीच यादी एखाद्या सापाला किंवा कोळ्याला करायला सांगा, शब्दाचाही फरक पडणार नाही. वाटेवरून सरळ चालत जाणाऱ्याला जे जीव जन्मात दिसत नाहीत ते आम्हाला दिसतात, कारण आम्ही थेट त्यांच्या माजघरात हात घालतो.

घुबडाने मात्र मी कुठेही हात घातलेला नसताना मला गाठलं.

नोव्हेंबर होता. सिअ‍ॅटलशेजारच्या आमच्या रेडमंडमध्ये त्या दिवसांत साडेचारला अंधारतं. घराजवळच्या पार्कातला एक डबा कामावरून येता येता काढू म्हणून मी एकटीच गेले. डबा होता एका कुजक्या बुंध्यापाशी. मी वाकले, नेचे बाजूला सारले, आणि डोक्यावर कुणीतरी ओल्या टॉवेलचा पिळा हाणावा तसा फटका बसला. वाटलं, फांदी पडली. खाली पाहते तर फांदी नाही. वर पाहिलं तर सात-आठ फुटांवर एक करडं, गोल डोक्याचं घुबड बसलेलं. बहुतेक घुबडांचे डोळे पिवळे असतात ना, याचे काळेभोर. ते माझ्याकडे असं बघत होतं, जणू धक्का मीच त्याला दिला. केसांत हात घातला तर बोटांना रक्त.

हे बार्ड आऊल. वजन पाऊण किलोच्या आसपास, पण पंख पसरले की मीटरभर. पिसांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, त्यामुळे झेप घेताना हवा फडफडत नाही. मी ‘आवाज आला नाही’ म्हणते तेव्हा लोकांना वाटतं, माझं लक्ष नसेल. लक्ष होतं हो, आवाजच नव्हता! ते बहुतेक हद्दीवरून भांडतं. २०१५ साली ऑरेगॉनच्या सेलम शहरात एका बागेत घुबडाने पळायला येणाऱ्यांची डोकी इतकी फोडली, की शेवटी झेपावणाऱ्या घुबडाचं चित्र असलेल्या पिवळ्या पाट्या लावाव्या लागल्या. गंमत म्हणजे ते मूळचं इकडचं नाहीच. विसाव्या शतकात पूर्वेकडून सरकत सरकत इथवर आलं. आम्ही दोघंही बाहेरचेच, पण हद्द त्याने आधी आखली होती.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी आले आणि चूक केली, सांगलीला आईला फोन केला. घुबड म्हटल्यावर तिकडे क्षणभर शांतता. मग, “शिवलं? डोक्याला शिवलं? आत्ताच्या आत्ता मीठ-मोहरी उतरवून टाक, आणि मिरच्या जाळ.” मी म्हटलं, आई, इथे मिरच्या जाळल्या तर धुराचा भोंगा वाजतो नि अग्निशमन दल दारात येतं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “येऊ दे. त्यांचीपण काढ.”

तेव्हापासून संध्याकाळी जाड टोपी घालते. डोकं लागलं होतं म्हणून ही गोष्ट मी सगळ्यांना हसत सांगते, पण मनात खोल बसली आहे ती दुसरीच. तिच्यात रक्ताचा थेंबही नाही.

मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. मार्चमधली रिपरिप, ओढ्याकाठी नेच्यांच्या गर्दीत एक लष्करी गोळ्यांची जुनी पेटी लपवलेली. अशा पेट्या म्हणजे आमच्या खेळातला राजेशाही डबा, पाण्याचा टिपूस आत जात नाही. पोराने पेटीशेजारचा ओंडका उचलला आणि ओरडला, “आई, पाल!” मी येईपर्यंत ती त्याच्या मुठीत होती. पाल नव्हती. वरून तपकिरी, सँडपेपरसारखी खरखरीत कातडी, बोटभर लांब, अगदी संथ. मी ‘सोड’ म्हटल्यावर त्याने ती अलगद पानांवर ठेवली, तर तिने पळून जायचं सोडून डोकं आणि शेपटी दोन्ही वर उचलली, पाठीची कमान केली आणि पोटाकडचा रंग दाखवला. झगझगीत केशरी. आमरसाच्या वाटीत बुडवून काढल्यासारखा. आम्ही दोघं खुळ्यासारखे “कित्ती गोड” करत बघत राहिलो.

पोराच्या दुसऱ्या हातात चकली होती.

नवरा मागून येत होता. तो फोनवर काहीतरी वाचत आला आणि त्याचा आवाजच बदलला. “चकली खाली टाक. टाक म्हणतो ना!” तो होता रफ-स्किन्ड न्यूट. बेडकाच्या गोतातला, सरड्याच्या आकाराचा प्राणी. त्याच्या कातडीत टेट्रोडोटॉक्सिन असतं, पफर माशात असतं तेच विष. धडधाकट कातडीतून ते आत शिरत नाही, पण पोटात गेलं तर माणसाचे स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबतो. १९७९ मध्ये ऑरेगॉनमध्ये एका तरुणाने पैजेपायी असा एक न्यूट गिळला आणि तो त्याच दिवशी गेला. ती केशरी कमान म्हणजे गोडवा नव्हताच, ‘मला तोंडात घालू नकोस’ अशी पाटी होती. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते याला शोभतं. आम्ही तिथल्या तिथे प्यायच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या पोराच्या हातांवर रित्या केल्या, घरी साबणाने तीनदा धुतले, आणि मी रात्रभर त्याचा श्वास मोजत बसले. त्याला काही झालं नाही. वहीत सही करायची मात्र राहून गेली, ती आजतागायत.

एवढ्या विषाच्या प्राण्याला खाणारंही कुणी आहे. इथले साधे गार्टर साप त्याला गिळतात. पिढ्यान्‌पिढ्या न्यूटचं विष वाढत गेलं आणि सापांची पचवायची ताकदही. मुलाला ही हकीकत इतकी आवडली, की आता तो आल्यागेल्याला तीच ऐकवतो. चकलीचा भाग मात्र वगळून.

गांधीलमाश्यांबद्दल फार लिहीत नाही. इथल्या यलोजॅकेट जमिनीतल्या बिळात पोळं करतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांची संख्या वाढलेली आणि डोकं तापलेलं असतं, आणि नवऱ्याने डबा काढायला नेमका त्या बिळावर गुडघा टेकला. पळता भुई थोडी झाली. अकरा डंख. डबा दुसऱ्या झाडाखाली होता.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सुट्टीवर भारतात गेले होते तेव्हाची ही गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इकडे माझ्या घराभोवती चालत जाण्याच्या अंतरात डझनावारी डबे आहेत, महाराष्ट्रात त्यामानाने फार थोडे. मावळातल्या एका किल्ल्याच्या वाटेवर एक असल्याचं दिसलं, म्हणून भाच्याला घेऊन गेले. फोन म्हणत होता, वाटेलगतची दगडांची रास. मी सिअ‍ॅटलच्या सवयीने बसकण मारून दगड उपसायला लागले. समोर एक मावशी लिंबू-सरबत घेऊन बसलेल्या. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, “काय हरवलं का बाई?”

“डबा शोधतेय.”

“जेवणाचा?”

खेळाबाहेरच्या माणसाला काय सांगायचं हा आमचा जुनाच पेच. मी म्हटलं, “नाही, गंमत म्हणून लपवलाय कुणीतरी.” मावशींनी माझ्याकडे आणि मग भाच्याकडे असं पाहिलं, की याच्या घरी कुणाला तरी कळवायला हवं. पण उठून आल्या, हातातली काठी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “हात नका घालू. आधी बडवा. ऊन खायाला येत्यात ती.”

मी काठीने दगडावर दोनदा ठोकलं. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा चर्र आवाज आला, आणि थांबेचना. दगडाच्या खाचेत फुटभर लांबीचं, मातकट रंगाचं फुरसं वेटोळ्यावर वेटोळं फिरवत बसलेलं. तो आवाज तोंडाचा नसतो. अंगावरचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून ते तो काढतं. माझा हात मिनिटाभरापूर्वी त्या खाचेपासून वीतभर होता. विषारी सापांत आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस यांच्या पंगतीला याचं नाव येतं, आणि आकार एवढा, की बुटात मावेल.

मावशींनी “जाईल त्ये, गुमान उभं ऱ्हावा” म्हणून सांगितलं. ते खरंच पाच-सात मिनिटांनी, आडवं-आडवं सरकत, गवतात निघून गेलं. डबा बहुधा त्याच राशीत होता. मी ‘सापडला नाही’ अशी नोंद केली, खाली ‘फुरसं सापडलं’ असं लिहिलं, आणि दोन ग्लास सरबत प्यायले. पैसे देताना मावशी म्हणाल्या, “पुढच्या वेळी जेवणाचाच डबा आणा.”

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. काठी आधी, मग टॉर्च, मग नजर, आणि हात सर्वांत शेवटी, तोही बागकामाचा मोजा घालून. ओंडका उचलायचाच झाला तर त्याची पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलते, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडे पळतं, माझ्या पायांवर येत नाही. आणि उचलला तसा परत ठेवते. त्या ओंडक्याखालची ओल कुणाचं तरी घर असते.

गेल्या वसंतातलं एक शेवटचं. दलदलीच्या कडेने जाणारी फळ्यांची वाट आहे, तिच्या कठड्याच्या खांबाला पीव्हीसीच्या पाइपचा वीतभर तुकडा उभा बांधलेला. वर झाकण, आत गुंडाळलेली वही. झाकण काढलं आणि माझ्या अंगठ्यावर काहीतरी गार, ओलं येऊन बसलं. हिरवा, दोन बोटं रुंदीचा, डोळ्यातून काळी रेघ गेलेला झाडावरचा बेडूक. चित्रपटांत जगातल्या कुठल्याही जंगलात रात्र दाखवायची झाली की ‘रिबिट, रिबिट’ असा जो आवाज घालतात, तो याचा, कारण हॉलिवूडच्या आसपास हाच ओरडतो. त्याचा गळा धपापत होता, पण अंगठा सोडून तो जाईना. मी एका हाताने सही केली, वही आत सरकवली, अंगठा पाइपच्या तोंडाशी नेला आणि तो मागे मागे सरकत आत गेला.

घरी येऊन नोंदीत लिहिलं, की झाकण जपून लावा, आत भाडेकरू आहे. आठवड्याने डबा लपवणाऱ्याचा निरोप आला. त्याने दुसरा पाइप आणून चार फुटांवरच्या खांबाला बांधला होता, वही त्यात हलवली होती, आणि पहिल्याचं झाकण काढून तो तसाच ठेवला होता. डब्याच्या पानावर आता सूचनेची एकच ओळ आहे: डावीकडचा उघडा, उजवीकडचा वाजवूही नका.