पोरगी एक स्टेशन आधी का उतरते?

"न्यूनगंड काढून टाका जी तिच्यातला," इंदोऱ्याच्या, म्हणजे नागपुरातल्या आंबेडकरी वस्तीतल्या, एका आईने समुपदेशनाला येऊन मला सांगितलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मैत्रिणींना घरी आणत नाही, आणि यंदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायलाही नाही म्हणाली. बाबासाहेबांनी 1956 मध्ये धम्मदीक्षा दिली तेव्हापासून त्या घरातलं कुणी ना कुणी दरवर्षी तिथे जातं. आईला तेच जास्त लागलं होतं.

मुलगी एकटी बोलली तेव्हा निघाला तो हिशेब, दिवसभर चालणारा. "कुठे राहते?" म्हटलं की "कडबी चौकाकडे" सांगायचं. मग मेट्रोत मैत्रिणी असल्या की इंदोरा यायच्या आधी कडबी चौकालाच उतरायचं, उरलेलं पायी. "सीईटीला किती पर्सेंटाइल होते गं?" हा प्रश्न अभ्यासासाठी नसतो, हे तिला पक्कं ठाऊक. फ्रीशिपवाल्यांची, म्हणजे राखीव प्रवर्गातून फीमाफी मिळणाऱ्यांची, यादी नावांसकट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली, आणि दोघीजणी डबा घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊ लागल्या. कुणी वावगा शब्द बोललं नाही. घरचे "कोण काय म्हणालं?" विचारतात, ती "कुणी नाही" म्हणते, आणि ते खरंच असतं.

हा न्यूनगंड नव्हे, थकवा आहे. "अभिमानाने सांग ना" असं मी म्हटलं नाही. सांगितल्यावर जे होईल ते तिला भोगायचंय, मला नाही. तिनेच ठरवून दोन मैत्रिणींना सांगितलं. एक घरी येऊन पाटवडी-रस्सा खाऊन गेली. दुसरी हळूहळू तुटली. मुलगी माझ्यासमोर रडली, मी रडू दिलं.

आईला एवढंच सांगितलं की खोदून विचारू नका, पण झोप-जेवण बिघडलं किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला तर वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर रात्रीही लागतो.

यादीचं काम मात्र समुपदेशनाने होणारं नाही, ते कॉलेजचं. यूजीसीच्या 2012 च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितलेला आहे. ऑफिसात विचारलं तर बाबूंनी एकमेकांकडे पाहिलं म्हणे! तिने अर्ज दिला: यादी ग्रुपवर टाकू नका, ज्याचं त्याला कळवा. पोच मिळाली, उत्तर नाही. पुढच्या भेटीत स्मरणपत्र लिहायचंय.