ड्रायव्हर बघून वाळवंट ठरव

दादर, मुंबई

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

जैसलमेरच्या सहलीची तू पाठवलेली सगळी पत्रकं वाचली. तंबूत गरम पाणी आहे का, दाल-बाटी-चुरमा किती वेळा, कालबेलिया नाच कधी, हे सगळं त्यांत आहे. गाडी कोण चालवणार, हे एकातही नाही. मला विचारशील तर तू पैसे मोजतोयस ते मुख्यतः त्या माणसासाठी. तंबू सगळीकडे सारखेच असतात. वाळूत शिरल्यावर पुढची जमीन वजन पेलेल की नाही, हे शंभर फुटांवरून ओळखणारी नजर मात्र फार थोड्यांकडे असते.

म्हणून बुकिंगच्या आधी फोन कर, आणि ऑफिसात फोन घेणाऱ्याशी न बोलता गाडी चालवणाऱ्याशीच बोलायचं आहे म्हणून सांग. देत नसतील तर ते पॅकेज सोडून दे.

त्याला पहिला प्रश्न हवेचा विचार. वाळूत शिरताना टायरमध्ये किती हवा ठेवता? डांबरी रस्त्यावर अशा गाडीत साधारण 30 ते 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते. मऊ वाळूत ती 15 ते 18 पर्यंत उतरवतात. हवा कमी झाली की टायर खाली पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं. फुगलेला टायर वाळू कापत खाली जातो, बसलेला टायर तिच्यावरून चालतो. फार उतरवली, म्हणजे 12च्याही खाली, तर वळताना टायर रिमवरून निसटण्याची भीती. आणि परत डांबरावर येताना हवा भरावीच लागते, कारण कमी हवेत गाडी वेगात पळवली तर टायर तापून फाटू शकतो. तेव्हा पुढचा प्रश्न आपोआप येतो: सोबत कॉम्प्रेसर आहे का? या दोन्ही प्रश्नांवर ‘आमची गाडी फोर-बाय-फोर आहे, काही होत नाही’ एवढंच उत्तर आलं, तर समजून जा.

मग विचार की किती गाड्या निघतात. धोऱ्यांत, म्हणजे वाळूच्या टेकड्यांत, खोलवर जायचं तर किमान दोन हव्यात. एक रुतली तर दुसरीने ओढायची. आणि गाडीची नंबर प्लेट पिवळी आहे ना, हेही विचार. खाजगी गाडी भाड्याने फिरवत असतील आणि अपघात झाला, तर विम्याचा घोळ तुझ्या घरच्यांना निस्तरावा लागेल. हे विचारायला संकोच करू नकोस. चांगल्या माणसाला असे प्रश्न आवडतात.

सम गावापाशी सूर्यास्ताच्या वेळी उघड्या जीपच्या मागे दांडीला धरून उभी राहिलेली माणसं दिसतील. ड्रायव्हर गाडी धोऱ्यावरून उडवतो, सगळे ओरडतात, अर्ध्या तासात खेळ संपतो. त्यात तू उभा राहू नयेस असं मला मनापासून वाटतं. उभ्या माणसाला बेल्ट नसतो आणि गाडी कलंडली तर तो तिच्याखाली येतो. एवढं एक माझं ऐकच.

तुला बसायचंय ते पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, बेल्ट लावून. तिथून त्याचं काम दिसतं. जाणता ड्रायव्हर मोठा धोरा समोर आला की गाडी थांबवतो आणि खाली उतरतो. टाच रोवून बघतो, ती किती आत जाते. मग चालत शिखरापर्यंत जातो, पलीकडे डोकावतो, परत येतो. शहरातल्या पाहुण्यांची या वेळी चुळबुळ सुरू होते. तू मात्र त्याच्या मागोमाग उतर, त्याच्या शेजारी तूही टाच रोव. हवा सोडतानाही असाच जवळ उभा राहा. तो व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात टाकतो, किल्लीच्या टोकाने मधली पिन दाबतो, फुस्स आवाज सुरू होतो. दाब मोजायचं गेज लावून बघतो, पुन्हा दाबतो. रिमच्या खाली टायरच्या बाजूला थोडी ढेरी आली की जुन्या माणसाला गेजआधीच कळतं.

याची तयारी मुंबईतच करता येईल. एखाद्या रविवारी ओहोटीला जुहूला जा आणि अनवाणी चाल. भेळवाल्यांच्या बाजूची कोरडी वाळू पाय गिळते, पोटऱ्या भरून येतात. तसाच पाण्याकडे जा. नुकतीच भरती ओसरलेल्या पट्ट्यात पावलाचा जेमतेम ठसा उठतो. वाळू तीच, पण दोन कणांमधली पाण्याची बारीकशी पापुद्री त्यांना एकमेकांना धरून ठेवते. आणखी पुढे, पाणी साचलेल्या जागी, ती पुन्हा ढिली पडते. हे तळपायाला कळलं की सकाळी गार, घट्ट वाळूत निघालेला ड्रायव्हर दुपारी त्याच जागी वळसा का घालतो, ते तुला सांगावं लागणार नाही.

आता थोडं माझ्या विषयाबद्दल, म्हणजे जमिनीबद्दल. थार म्हणजे नुसती वाळू असं समजून जाशील तर अर्धं वाळवंट बघायचं राहील. जैसलमेरच्या आसपास कितीतरी जमीन खडकाळ आहे. पिवळा चुनखडक, त्यावर विखुरलेले दगड, मध्येच पाणी साचून वाळलेला सपाट, भेगाळलेला पट्टा. किल्ल्याचा तो सोनेरी रंग याच दगडाचा. खडकाळ भागात गाडी हळू, लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये चालते आणि टायरची बाजू धारदार दगडाला लागू नये म्हणून ड्रायव्हर दगड टाळण्याऐवजी कधीकधी मुद्दाम त्यावर चाक चढवतो. धक्के बसतात. पाठीचं दुखणं असेल तर त्याला आधी सांग.

धोऱ्याचा आकार बघायला शीक. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा उतार सौम्य आणि घट्ट असतो, पलीकडचा तीव्र आणि सैल. या पलीकडच्या उतारावर वाळू जेमतेम तोल सांभाळून असते, साधारण 32 ते 34 अंशांत, त्याहून उभी राहिली की घसरते. थारमधली वाळू मुख्यतः उन्हाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या वाऱ्यांनी हलते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कोणत्या बाजूने चढायचं याचा अंदाज नुसता सूर्य बघूनही बांधता येतो. गाडी सौम्य बाजूने सरळ वर जाते, शिखराजवळ ड्रायव्हर पाय हलका करतो, नाक पलीकडे झुकलं की सरळ खाली उतरवतो. ‘सरळ’ हा शब्द लक्षात ठेव. उतारावर तिरकी गेलेली गाडी खालच्या चाकांवर कलते आणि मग तिला सावरणं अवघड. शिखरावरून एका वेळी एकच गाडी जाते. पलीकडची मोकळी झाल्याचा इशारा आल्याशिवाय दुसरी निघत नाही. तुझ्या गटात हे पाळलं जात नसेल, तर उतरून चालत ये. कुणी हसलं तरी चालेल.

गाडी रुतणार. चांगल्या ड्रायव्हरचीही रुतते. फरक एवढाच की तो लगेच पाय काढतो. चाक जागच्या जागी फिरायला लागलं आणि तरी रेस देत राहिलं की गाडी दोन मिनिटांत पोटावर बसते, आणि मग तासभर फावडं. तेव्हा उतर, मदत कर. चाकांपुढची वाळू काढायची, पकड मिळावी म्हणून चाकांखाली पाट्या सरकवायच्या, आणखी थोडी हवा सोडायची. जॅक लावला तर त्याच्याखाली फळी हवीच, नाहीतर गाडीच्या ऐवजी जॅकच खाली जातो. टोचन करून ओढायची वेळ आली की मात्र लांब जा, पट्ट्याच्या लांबीपेक्षाही जास्त. ताणलेला पट्टा तुटला किंवा हूक निसटला तर तो गोळीसारखा येतो. फोटो काढायला पट्ट्याच्या रेषेत उभा राहू नकोस.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. तिथे मोकळं दिसतं म्हणून ते रिकामं नाही. वाळूत उगवलेलं सेवण गवत म्हणजे गाईगुरांचा चारा, आणि त्याच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते. त्यावरून एकदा गाडी गेली की चाकोरी पडते, त्याच चाकोरीतून दुसरा जातो, आणि दोन हंगामांत तिथे उडती वाळू. टणक जमिनीत सांड्याची बिळं असतात. लहानसा सरडा नव्हे, चांगला जाडजूड प्राणी, शाकाहारी. चाक गेलं की बीळ बुजलं. पावसाचं पाणी तळ्यात उतरावं म्हणून गावकऱ्यांनी राखलेल्या उताराला आगोर म्हणतात, तिथे लोक घाण होऊ देत नाहीत. तिथून गाडी नेणं म्हणजे त्यांच्या पाण्यात चाक घालणं. ओरण म्हणजे आपल्याकडच्या देवराया. खडीनचे बांध तर इथे पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांच्या काळापासूनचे, पाऊस अडवून त्या ओलीवर गहू-हरभरा घेण्यासाठी घातलेले. 20 सेंटिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात! त्या बांधावरून शॉर्टकट मारणाऱ्याला मी ड्रायव्हर म्हणत नाही.

आणि माळढोक. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तरी आज तिथे तो दिसणं फार दुर्मीळ झालंय. जगात जे थोडे उरलेत त्यातले बहुतेक जैसलमेरच्या बाजूला आहेत. मादी उघड्या जमिनीवर, सहसा एकच अंडं घालते. घरटं असं काही नसतं, त्यामुळे चाकाखाली आलं तरी गाडीतल्यांना कळणार नाही. सम आणि खुरी या दोन्हींच्या आसपास डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द येते. ‘आत नेतो, पक्षी जवळून दाखवतो’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याबरोबर जाऊ नकोस. मळलेल्या वाटेने जाणारा, दुर्बीण हातात देणारा आणि लांबूनच परत फिरणारा माणूस शोध. असे आहेत, आणि बहुतेक वेळा ते तिथल्याच ढाणीतले, म्हणजे वस्तीतले असतात.

शरीराचं एक सांगते, कारण मुंबईकर इथेच फसतो. आपल्याला घाम दिसतो, शर्ट अंगाला चिकटतो, म्हणून पाणी प्यायची आठवण राहते. तिथल्या कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर उडून जातो. अंग कोरडंच राहतं आणि संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं. दिवसाला चार-पाच लिटर पाणी स्वतःचं धर, तहान लागो न लागो थोडं थोडं पीत राहा, ओआरएसची पाकिटं ठेव. डोक्याला आणि नाकातोंडाला गुंडाळायला सुती पंचा किंवा ओढणी पुरते. जाण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याला न झेपणाऱ्या थंडीच्या असतात, स्वेटर नव्हे, जाड जॅकेट घे.

तनोट, लोंगेवालाकडे जायचा बेत असेल तर परवानगीची गरज आहे का, ते तिथे पोचल्यावर स्थानिक प्रशासनाकडे विचारून घे. सीमाभाग आहे. ड्रोन नेऊच नकोस. परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून सॅटेलाइट फोन मागवायचा विचार केला असशील तर तोही सोड, परवान्याशिवाय आपल्या देशात तो बाळगता येत नाही. त्याऐवजी कोणत्या गाडीतून, कुणाबरोबर, कोणत्या गावापर्यंत आणि परत किती वाजता, हे कागदावर लिहून हॉटेलात आणि घरी देऊन ठेव. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघायचं नाही. गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

स्वतः गाडी चालवायची हौस आहे, हे मला माहीत आहे. शेवटच्या दिवशी ड्रायव्हरला विनंती कर, मोकळ्या, मळलेल्या जागी तो दहा मिनिटं देईल. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नकोस. चाकाला दगड लागला तर स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि अंगठा मोडतो. थांबायचं असेल तेव्हा ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू दे, म्हणजे चाकांपुढे वाळूचा बांध होत नाही. टायरचं गेज इथूनच घेऊन जा, ऑपेरा हाउसकडच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळेल.

परतायच्या दिवशी सकाळ मोकळी ठेव आणि शहरापासून सुमारे 17 किलोमीटरवरच्या आकलला जा. 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेत. सालीच्या रेषा बोटाला लागतात. तुकडा उचलायचा नाही, मनाईच आहे.

वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर आणि पुढे रस्त्याने, हा मार्ग मला विमानापेक्षा बरा वाटतो. जमीन बदलत जाताना दिसते. नाताळच्या सुट्टीत जाणार असशील तर तिकीट आत्ताच काढ, उशीर केलास तर वेटिंग लिस्टवर बसशील.

तुझ्या,
मॅडम