सीडी४ खाली आला म्हणजे औषध फेल गेलं का?

प्रश्न: माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे, दीड वर्षाचा असताना औषधं सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी सीडी४ १५०० होता (२९ टक्के), आता १०५० आलाय (३३ टक्के). व्हायरल लोड सापडलाच नाही असं रिपोर्टमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात छान चाललंय, पण आकडा तर खाली गेलाय ना? घरचे म्हणतात इम्युनिटीची पावडर सुरू कर. आणि बाळ असताना दिलेल्या लसी अजून उपयोगी आहेत का? – एक आई

उत्तर: ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत. सीडी४ म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, एचआयव्ही त्यांच्यावरच हल्ला करतो. या पेशी लहान बाळांमध्ये मुळातच खूप जास्त असतात, एचआयव्ही नसलेल्या बाळातसुद्धा, आणि मूल मोठं होतं तसा आकडा उतरत जातो, साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मोठ्या माणसांच्या जवळपास येतो. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये टक्केवारी (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये सीडी४ किती) बघायची असते, आणि तुमच्या मुलाची तर वाढलीये! साध्या सर्दीतापानेही काऊंट काही दिवस खाली जातो, त्यामुळे एकाच रिपोर्टवर झोप उडवून घेऊ नका. औषध काम करतंय की नाही हे व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे तो आकडा, सांगतो. लहान मुलांचं एक बरं असतं, छातीतली थायमस ग्रंथी या वयात जोरात काम करत असते, व्हायरस दाबला गेला की ती नव्या टी-पेशी (सीडी४ त्यातल्याच) भराभर तयार करते.

पावडरीने सीडी४ वाढत नाही. उलट तो डोल्युटेग्रॅविर हे एचआयव्हीचं औषध घेत असेल तर कॅल्शियम, लोह, झिंक असलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता देऊ नका, त्याने ते औषध शरीरात नीट शोषलं जात नाही. त्यापेक्षा रोजचा डोस चुकू न देणं कितीतरी मोलाचं, उलटी झाली, प्रवास झाला की नेमका तोच चुकतो.

लसींचा प्रश्न फार चांगला विचारलात, तो सहसा कोणी विचारत नाही. लसीची आठवण टिकवायला सीडी४ पेशींची मदत लागते, आणि औषध सुरू होण्याआधी त्याच पेशी कमी झालेल्या असतात, त्यामुळे तेव्हा दिलेल्या गोवराच्या लसीचं संरक्षण बऱ्याच मुलांमध्ये टिकत नाही. आता प्रतिकारशक्ती सावरलीये तर ती परत द्यायची का हे पुढच्या व्हिजिटला आवर्जून विचारा, जुनं लसीचं कार्ड सोबत न्या.