पाणी न धरणाऱ्या मातीत काय लावायचं?

पाडवा झाला की बागेबद्दलच्या तुमच्या पत्रांचा विषय बदलतो. फेब्रुवारीपर्यंत सगळे गुलाबाबद्दल विचारतात, चैत्रात एकच तक्रार उरते: सकाळी पाणी घातलं, दुपारी झाड मान टाकून उभं. यंदा बरेच प्रश्न मुरमाच्या नाहीतर वाळूच्या जमिनीचे आहेत, म्हणून ते एकत्र घेते.

धायरीला नवीन बंगला बांधला. बिल्डरने आवारात मुरूम भरून दिला आहे. त्यावर दोन ट्रक काळी माती टाकून बाग करावी असं माळी म्हणतो. करावं का?

थांबा, ट्रक मागवू नका. मुरमावर काळ्या मातीचा थर नुसता पसरला की उन्हाळ्यात तो भेगाळतो, पावसात चिकट होतो आणि मुळं त्या वीतभर मातीतच फिरत राहतात. काळी माती घालायचीच तर थोडी घाला आणि मुरमात कालवा. पैसे खर्च करायचे असतील तर ते मातीपेक्षा खतावर करा.

आधी एक खड्डा घ्या, साधारण दीड फुटाचा. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ बघा. अर्ध्या तासात पाणी गेलं तर जमीन मोकळी आहे. सकाळी घातलेलं पाणी संध्याकाळीही डबक्यासारखं उभं असेल, तर भराव करताना जेसीबी आणि रोलरने खालचा थर दाबून दगड केला आहे. नव्या बंगल्यांत हे हमखास होतं. तिथे झाडाच्या प्रत्येक खड्ड्यात पहारीने तळ फोडावा लागेल, नाहीतर जुलैत मुळं कुजतील.

मोकळ्या मुरमाचा हिशोब असा. हलक्या जमिनीचा वरचा फूटभर थर झाडाला उपयोगी पडेल असं पाणी चौरस मीटरमागे जेमतेम २० ते २५ लिटर धरतो. मध्यम काळी जमीन याच्या दुप्पट धरते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन आणि वारा मिळून रोज ६ ते ८ लिटर उडवतात. म्हणजे तीन दिवसांत खजिना रिकामा. एकदम पाईप सोडून अर्धा तास पाणी दिलंत तर जास्तीचं सरळ खाली, मुळांच्या पलीकडे निघून जातं आणि जाताना खतही घेऊन जातं. म्हणून हलक्या जमिनीला पाणी थोडं आणि वारंवार, खतही तसंच. वर्षाचा कोटा एकदम घालण्यात अर्थ नाही.

वाफ्यात चौरस मीटरला तीन-चार घमेली चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट घालून वीतभर खोल मिसळा. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये. कच्चं घातलंत तर वाळवी आणि मुळं खाणारी हुमणी अळी, दोघांना आमंत्रण. आपल्या उन्हात सेंद्रिय पदार्थ भराभर जळतो, त्यामुळे पहिली काही वर्षं दर हंगामात भर घालावी लागेल. पहिल्या पावसावर रिकाम्या जागेत ताग फेका आणि फुलावर आला की कापून जमिनीत गाडा. ट्रकभर मातीपेक्षा हे स्वस्त पडतं आणि टिकतंही जास्त.

आणखी एक. व्हिडिओत बघून लोक जमिनीपासून फूटभर उंच वाफे बांधतात. जास्त पावसाच्या, चिकण जमिनीच्या मुलखात ते बरोबर आहे. मुरमात उन्हाळी भाजीसाठी उलट करा: वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार-सहा बोटं खाली ठेवा, आणि वर तीन बोटं पाचोळा. पाचोळा विकत आणायची गरज नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावरचे पर्जन्यवृक्ष पानं झाडतात तेव्हा पोती भरून ठेवायची. तुमच्या गल्लीतले लोक ती पेटवण्याआधी पोहोचलात म्हणजे झालं.

कोथरूडला गच्चीवर टोमॅटो लावलेत. झाडं कमरेएवढी, फुलं भरपूर, पण सगळी गळतात. कोणतं टॉनिक मारू?

कोणतंच नाही. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उबदार राहिली की टोमॅटोचा पराग निकामी होतो. फूल येतं, पण फळ धरत नाही. गच्चीचा स्लॅब रात्री नऊ वाजताही हाताला गरम लागतो, म्हणजे तुमच्या झाडाला थंड रात्र मिळतच नाही. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, काळ्या पिशव्यांना बाहेरून चुना फासा, पश्चिमेकडून ३५ ते ५० टक्क्यांचं शेडनेट बांधा. चेरी टोमॅटो असेल तर थोडीफार फळं मिळतील. मोठ्या टोमॅटोचं आता फार काही होणार नाही. नत्राचं खत तर मुळीच देऊ नका, झाड आणखी माजेल.

टोमॅटोचं रोप ऑगस्टमध्ये टाका, सप्टेंबरमध्ये लावा. आता त्याच कुंड्यांत गवार, चवळी, भेंडी, लाल माठ आणि अंबाडी घ्या. गवारीला तर हेच ऊन हवं असतं. कोथिंबीर आणि पालक या दिवसांत लगेच फुलावर जातात, त्यांच्या मागे लागू नका.

मोगऱ्याला पानंच पानं, कळी नाही.

छाटणी राहिली असणार. डिसेंबर अखेर ते जानेवारीत पाणी तोडून, पानं काढून, फांद्या अर्ध्यावर छाटून मग खत-पाणी सुरू केलं की चैत्रात कळ्या लागतात. आता शेंडे खुडा आणि किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या. सोसायटीच्या डक्टमध्ये ठेवलेला मोगरा फुलत नाही.

अनंत आणि जास्वंदाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. बोअरचं पाणी वापरतो. हिरवी कसीस घालून फरक पडला नाही.

तुम्ही लक्षण नीट लिहिलंत म्हणून निदान सोपं झालं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं सगळीच्या सगळी पिवळी पडत असती तर मी नत्र म्हटलं असतं. मातीत लोह नाही असं नाही, आपली जमीन बेसाल्टची, लोह भरपूर आहे. पण चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्याने ते झाडाला घेता येत नाही. कसीस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत टाकलं की त्याचंही तेच होतं.

फवारून द्या: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, ऊन उतरल्यावर, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. फरशीवर उडालं तर तांबडे डाग जात नाहीत, कुंडी बाजूला घ्या. मातीतूनच द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह घ्या, पण पुडीवर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं बघून. ईडीटीए स्वस्त मिळतं, चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. ईडीडीएचए पाण्यात टाकलं की लालजांभळा रंग येतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर अनंतासाठी राखून ठेवा.

सासवडजवळ माळावर थोडी जागा घेतली आहे. सीताफळाला फुलं येतात पण फळ नाही. अंजीरही लावावं का?

जागा अगदी बरोबर आहे. पुरंदरचं सीताफळ आणि अंजीर याच हलक्या, निचऱ्याच्या जमिनीवर नावाला आलं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

सीताफळाची अडचण फुलाच्या रचनेत आहे. एकाच फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतात, पराग नंतर सुटतो. पाकळ्या किंचित फाकलेल्या असतात तेव्हा फूल पराग घ्यायला तयार असतं. पूर्ण उघडल्यावर ते देतं, पण घेत नाही. मधे ने-आण करतात ते बारीक भुंगेरे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत स्त्रीकेसर सुकतात, म्हणून पहिली फुलं गळणं स्वाभाविक आहे. पाऊस पडून हवा दमट झाली की फळधारणा सुधारते. झाडं मोजकीच असतील तर हाताने करा. भल्या पहाटे पूर्ण उघडलेल्या फुलातला पराग कागदावर झटका, चित्रकलेच्या मऊ ब्रशने अर्धवट मिटलेल्या फुलाच्या आत, मधल्या भागावर गोल फिरवा. लागलेलं फूल गळत नाही, आठवड्याभरात कळतं.

उन्हाळ्यात पानगळ होते तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका, झाडाची ती विश्रांती आहे. फळं धरल्यावर मात्र खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर पिठ्या ढेकूण, ही कापसासारखी पांढरी कीड, वर चढला आहे असं समजा. खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा.

अंजीर जरूर लावा. पूना अंजिराला परागीभवनाची कटकट नाही. पावसाळ्यात तांबेरा येतो आणि तेव्हाची खट्टा बहाराची फळं बेचव लागतात. घरासाठी मीठा बहार धरा: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी, उन्हाळ्यात फळं.

आम्ही पुण्यात राहतो, वाडी दिवेआगरला आहे, सगळी वाळू. वांगी-टोमॅटो दुपारी कोमेजतात. उपटून पाहिलं तर मुळांना गाठी आहेत.

सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. वाळूत त्यांना हिंडायला मोकळं रान असतं. चवळी-गवारीच्या मुळांवरच्या गाठींशी गफलत करू नका: त्या नखाने सहज निघतात आणि त्या उपकारक आहेत. तुमच्याकडच्या गाठी म्हणजे मूळच फुगलेलं आहे, खरवडून निघत नाही.

सध्याचं ऊन कामाला लावा. वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक चालणार नाही. पावसानंतर लागवडीआधी चौरस मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड घाला आणि एक हंगाम त्या जागी झेंडू दाट लावा. वांगी, टोमॅटो, भेंडी तिथे लगेच नको. तिथली रोपं मातीसकट पुण्यात आणू नका. किनाऱ्यावर पाऊसच एवढा, की जूनमध्ये वाळूत घातलेलं खत समुद्राला घातल्यासारखं आहे. नारळालाही ते पावसाचा जोर ओसरल्यावर, थोडं थोडं करून द्या.

मे महिन्यात आठ दिवस गावाला जातोय. झाडांचं काय करू?

कुंड्या पूर्वेच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, आदल्या दिवशी भरपूर भिजवा, वर पाचोळा. जमिनीतल्या झाडांशेजारी बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा, पाझरून मुळांना ओल मिळत राहते. मडकं नवीन घ्या, जुन्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. आणि तोंडावर झाकण ठेवा. नाहीतर परत याल तेव्हा आत डासांच्या अळ्या आणि दारावर महापालिकेची नोटीस.