पोटच्या पोराला कुणी विसरतं का?

मार्च संपत आला, ऊन चढायला लागलं की हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊ लागतो. परदेशातली एखादी बातमी सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेली असते. तान्हं मूल तापलेल्या गाडीत राहिलं आणि आई किंवा बाबा ऑफिसात बसलेले. मग समोरच्या खुर्चीतून कुणीतरी विचारतं, "मॅडम, पोटच्या पोराला कुणी विसरतं का हो?" बहुतेक जण हे रागानं विचारतात. बाळंतपणाची रजा संपवून नुकत्याच कामावर जायला लागलेल्या आया मात्र आवाज खाली आणून विचारतात. गॅस बंद केला की नाही ते त्यांना आठवत नसतं, किल्ली फ्रिजमध्ये सापडलेली असते आणि उद्या बाळाचाच विसर पडला तर, ही धास्ती मनात असते.

दोघांनाही मी हल्ली मृणाल आणि संकेतची गोष्ट सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, दोघांची परवानगी घेतली आहे. त्यांची लेक ईरा आज ठणठणीत आहे, हेही आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचं पुढच्या वाचण्यात लक्ष लागायचं नाही.

घर कोथरूडला. पाळणाघर भुसारी कॉलनीत, संकेतचं ऑफिस हिंजवडीला. ईराला सोडायचं काम मृणालचं. क्वचित तिला लवकर निघावं लागलं तर संकेत सोडायचा. एप्रिलमधल्या त्या सकाळी तसंच झालं. तेरा महिन्यांची ईरा दात येत असल्यामुळे आठवडाभर रात्री जागी होती, म्हणजे घरातले दोघेही जागे. गाडीत बसताच ती झोपली. तिची सीट मागे तोंड करून लावलेली, त्यामुळे पुढून फक्त सीटची पाठ दिसायची. पौड रोडला ऑफिसचा फोन आला, काहीतरी बंद पडलं होतं. बोलता बोलता भुसारी कॉलनीचं वळण गेलं, चांदणी चौक गेला, गाडी हायवेला लागली. उघड्या पार्किंगमध्ये गाडी लावून तो वर गेला. अर्ध्या तासानं सिक्युरिटीच्या काकांना काचेतून पाय हललेले दिसले. त्यांनी काच फोडली. पोरीला तीन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं.

माझ्याकडे आले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. त्याआधी दुसरीकडे जाऊन आले होते आणि तिथे त्यांना 'झालं गेलं गंगेला मिळालं' छापाचा सल्ला मिळाला होता. असा सल्ला देणाऱ्याला फार बरं वाटतं. मृणाल बसल्या बसल्या म्हणाली, "विसरला, ते मी एक वेळ पोटात घालेन. पण तो खोटं बोलला." तिनं फोन माझ्यापुढे धरला. त्या दिवशी नऊ वाजून बावीस मिनिटांनी, म्हणजे ईरा खाली गाडीत असताना, संकेतचा मेसेज होता: 'सोडलं तिला. आज रडली नाही.'

मी संकेतकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी असं का लिहिलं, मला माहीत नाही."

इतकी वर्षं या खुर्चीत बसून एक गोष्ट मला बऱ्यापैकी जमते. सगळे ज्याच्याकडे पुरावा म्हणून बघतात, त्याच्याकडे मी प्रश्न म्हणून बघते. बायको त्या मेसेजकडे खोटेपणा म्हणून बघत होती, सासूबाई बेफिकिरी म्हणून. स्वतः संकेतच्या दृष्टीनं तो त्याच्या नालायकीचा दाखला होता. ते शब्द लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर काय होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं.

ते मी त्याला एकट्याला विचारलं. सुरुवातीला तो एकच पालुपद लावायचा, "मी बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही." म्हटलं, लायकीचं नंतर बघू, आधी ती सकाळ सांगा. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "पाळणाघराच्या दारात निळा पडदा आहे. काकूंच्या हातात पिशवी दिली. ईरा त्यांच्या खांद्यावर गेली, मी बूट न काढता बाहेरूनच निघालो. मॅडम, मला हे दिसतं. घडलेलं नाही, तरी अजून दिसतं. कुणाला सांगितलं तर वेडा म्हणतील, नाहीतर आणखी एक थाप."

अमेरिकेत फ्लोरिडामधले डेव्हिड डायमंड हे मेंदूचे अभ्यासक अनेक वर्षं नेमक्या अशाच पालकांशी बोलत आले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सवयीनं होणारी कामं मेंदूचा एक भाग सांभाळतो आणि 'आज वाटेत हे वेगळं करायचंय' ही आठवण दुसरा भाग. रविवारी स्वारगेटला म्हणून निघावं आणि गाडी आपोआप ऑफिसच्या रस्त्याला लागावी, हे आपल्यातल्या कितीतरी जणांचं झालेलं असतं. तेव्हा पहिल्या भागानं दुसऱ्यावर कुरघोडी केलेली असते. झोप नसेल, ताण असेल, रोजचा क्रम मोडला असेल आणि आठवण करून देणारी खूण समोर नसेल, तर ही कुरघोडी सोपी होते. त्यापुढची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. त्यांच्या मते काम झालं अशी खोटी आठवणही मेंदू तयार करून देतो. म्हणून ते पालक दिवसभर निवांत काम करतात, कारण त्यांच्या लेखी मूल पाळणाघरात सुखरूप असतं. मूल किती लाडकं आहे, हे मेंदूचा तो भाग विचारत नाही.

पुढच्या भेटीत संकेतनं हे मृणालसमोर सांगितलं. ती उसळलीच. "आता ही नवीन गोष्ट!" मी मध्ये पडले नाही. तिच्या हातात फोन होता, ती त्यांचे जुने मेसेज मागे मागे नेत गेली. फेब्रुवारीतला एक सापडला: 'सोडलं तिला. थोडीच रडली.' जानेवारीतला: 'सोडलं तिला. आज जाम रडली.' ज्या ज्या दिवशी त्यानं ईराला सोडलं होतं, त्या त्या दिवशी तसाच मेसेज होता. तिचा अंगठा थांबला.

"म्हणजे तुला खरंच वाटत होतं ती तिथे आहे?"

"हो. कॉलवर होतो तेव्हा लॅपटॉपवर तिचा फोटो दिसला. मनात आलं, आता नाचणीचं सत्त्व खात असेल."

मृणाल रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "मग हे माझ्याकडूनही होऊ शकलं असतं."

या वाक्यासाठी मी इतके आठवडे थांबले होते. ते मी तिला सांगू शकले असते, पण आमच्या कामात सांगितलेलं वाक्य आणि सापडलेलं वाक्य यांच्या वजनात फार फरक पडतो. तिचा राग तिच्या भीतीवर बसलेलं झाकण होतं. नवरा खोटारडा आणि बेफिकीर असेल तर धोका एका माणसापुरता, आणि मी तशी नाही म्हणजे माझ्या हातात लेक सुरक्षित. तो तिच्यासारखाच साधा, प्रेमळ, थकलेला माणूस असेल तर मात्र ही खात्री जाते. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकापासून हेच दाखवलं, की जग न्यायानं चालतं या श्रद्धेला धक्का लागू नये म्हणून माणसं संकटात सापडलेल्यालाच दोषी ठरवतात. आपण लहानपणापासून 'करावं तसं भरावं' ऐकत आलोय, आपल्याला हे नवीन नाही. बातमीखाली 'अशांना फाशी द्या' असं लिहिणाऱ्यांत लहान मुलांचे आईबाप बरेच दिसतात, त्याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

दोषापेक्षा यंत्रणेकडे बघितलं की काय होतं, त्याची दोन उदाहरणं मी देते. अमेरिकेत १९९० च्या दशकात पुढच्या एअरबॅगमुळे मुलं दगावू लागली, म्हणून मुलांना मागच्या सीटवर बसवायला सांगितलं गेलं. त्यानं पुष्कळ जीव वाचले, पण मूल चालवणाऱ्याच्या नजरेआड गेलं. १९९८ पासूनच्या नोंदींनुसार तिथे वर्षाला सरासरी ३७ च्या आसपास मुलं तापलेल्या गाडीत दगावतात. त्यांतली निम्म्याहून जास्त विसरली गेलेली असतात. २०१८ आणि २०१९ मध्ये तर हा आकडा ५० च्या वर गेला. सारख्याच घटनेत एका ठिकाणी पालकावर गंभीर खटला होतो आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हाच नोंदवला जात नाही. इटलीनं २०१९ मध्ये चार वर्षांखालच्या मुलांच्या सीटला गजर सक्तीचा केला. पालक चांगले की वाईट या वादात न पडता त्यांनी माणूस विसरतो हे धरून चालायचं ठरवलं. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

मृणाल मऊ झाली आणि गाडं संकेतपाशी अडलं. त्याला माफी नकोच होती. त्यानं गाडी चालवणं सोडलं होतं, रात्री उठून ईराचा श्वास बघायचा, तिला एकट्यानं कडेवर घ्यायलाही घाबरायचा. मी समुपदेशनातल्या विवेकनिष्ठ विचारांच्या शाळेतली आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि ती सांगते की कृतीचं मोजमाप करा, अख्ख्या माणसाचं करू नका. संकेतची कृती भयंकर चुकली होती, त्यावर मी कधीच पांघरूण घातलं नाही. त्याला मी एवढंच विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत तुम्ही स्वतःला जी शिक्षा दिलीत, त्यानं ईराची सुरक्षितता किती वाढली?"

"काहीच नाही."

"आणि कशानं वाढेल?"

इंजिनियर माणूस. पहिल्यांदाच ताठ बसला आणि कागद मागितला.

त्या कागदावरचं आता मी सगळ्यांना सांगते. पाळणाघराशी ठरवून ठेवा: मूल ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांत आलं नाही आणि निरोपही नाही, तर त्यांनी आई आणि बाबा दोघांना फोन करायचा. मेसेज नाही, फोन, आणि कुणीतरी उचलेपर्यंत. ऑफिसची बॅग, ओळखपत्र, डबा, यांतलं जे विसरून ऑफिसात शिरताच येणार नाही ते मागे मुलाच्या पायाशी ठेवा. गाडीतून उतरलं की मागचं दार उघडायचं, मूल बरोबर असो वा नसो. रोज केलं की तेही सवयीच्या खात्यात जातं आणि जी सवय दगा देते तीच राखण करते. 'माझं प्रेम आहे, मला असल्या युक्त्या कशाला?' असं कुणी म्हणालं की मला त्या घराची जास्त काळजी वाटते. उलट रोज रात्री चारचारदा खाली जाऊन रिकामी गाडी बघून येत असाल, तर युक्त्या पुरेशा झाल्या. तिथून पुढे काळजीवरच काम करायला हवं, त्यासाठी कुणाला तरी भेटा.

करुणेचा अर्थ सगळ्याला माफी असा मात्र मी लावत नाही. लक्ष्मी रोडला एसी चालू ठेवून झोपलेल्या पोराला गाडीत ठेवायचं आणि 'दोन मिनिटांत येते' म्हणून साडीच्या दुकानात शिरायचं, हा विसर नव्हे. तो निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी वेगळी. गंमत म्हणजे विसरलेल्यांवर सगळ्यात जास्त तोंडसुख घेणाऱ्यांत असे 'दोन मिनिटं'वाले मी पाहिलेत. बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढतं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. आपल्याकडे तर बातम्या येतात त्या बऱ्याचदा खेळता खेळता उभ्या गाडीत शिरून अडकलेल्या मुलांच्या. घरापुढची गाडीही कुलूप लावूनच ठेवा आणि किल्ली खेळायला देऊ नका. मूल सापडत नसेल तर आधी आजूबाजूच्या गाड्या आणि डिक्क्या बघा. बंद गाडीत मूल एकटं दिसलं तर मालकाला शोधत बसू नका. ११२ ला फोन करा, आणि पोर मलूल दिसत असेल तर त्याच्यापासून लांबची काच फोडा. सावलीत घ्या, कपडे काढून अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

मृणालच्या आईंचा एकदा मला फोन आला. जावयाशी महिनोन्महिने धड बोलल्या नव्हत्या. "काय बोलू मी त्याच्याशी?" म्हणाल्या. म्हटलं, कसा विसरलास हे तेवढं विचारू नका, ते तो स्वतःला रोज विचारतो. समजावूही नका. जेवायला बोलवा आणि ईराला त्याच्या मांडीवर बसून जेवू द्या, कुणी हात पुढे करून तिला उचलून घेऊ नका. त्यांनी बोलावलं. पहिल्यांदा त्यानं काम काढून टाळलं. दिवाळीत फराळाला गेला, गाडी त्यानंच चालवली.